राजदूताने कात टाकली

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी दोन वास एकदम सुटतात. एक भाजणीचा, दुसरा रंगाचा. भाजणीविषयी या अंकात कुणी अधिकारी लेखणीने लिहिले असेलच. तेव्हा आमच्या वाट्याला रंग उरला. त्यातही भिंतींचा रंग हा पुरुषांनी मत देण्याचा आणि बायकांनी ठरवण्याचा विषय. म्हणून या खेपेस भिंती सोडून दारातल्या वाहनाकडे वळावे म्हणतो.

अलीकडे मध्यमवर्गीय घरांत एक नवी हौस शिरली आहे. वडिलांची किंवा काकांची अडगळीत पडलेली मोटरसायकल बाहेर काढायची, तिला नखशिखांत नवी करायची आणि सणासुदीला दारात उभी करून चार लोकांना दाखवायची. हौस चांगलीच आहे. वडिलांचे मनगटी घड्याळ दुरुस्त करून वापरणारा मुलगा आणि त्यांची फटफटी दुरुस्त करून घेणारा मुलगा, दोघेही सारखेच कौतुकाला पात्र. फरक इतकाच की घड्याळाला रंग द्यावा लागत नाही. फटफटीला द्यावा लागतो आणि पुष्कळदा एक पावसाळा उलटला की त्या रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. मग मालक म्हणतो, रंग हलका वापरला. रंगारी म्हणतो, गाडी पावसात ठेवली. आणि मुळात जिच्यासाठी हा खटाटोप, ती घरातली वडीलधारी व्यक्ती काहीच बोलत नाही.

अशाच एका गाडीची ही हकिगत आहे. भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे माझे आजोळ. पूर्वी हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तो जालन्याचा. माझे मामा तिथे गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते आणि १९७६ साली त्यांनी राजदूत घेतली. आजच्या तरुण वाचकांना सांगायला हवे की राजदूत ही १७५ची मोटरसायकल पोलंडमधल्या एका गाडीच्या धर्तीवर आपल्याकडे एस्कॉर्ट्स कंपनी तयार करीत असे. जाहिरातीत तिच्यावर धर्मेंद्र बसलेला दिसे. प्रत्यक्षात तिच्यावर दुधाच्या किटल्या बसलेल्या दिसत. काळ्या रानातल्या वाटा, चिखल, दोन पोती सरकी, काहीही तिला वर्ज्य नव्हते. मामांच्या गाडीला मागे औषधांची पेटी असे. अडलेली गाय किंवा पोट फुगलेला बैल, निरोप आला की राजदूत निघालीच. मामी अजून सांगतात की पंचक्रोशीतली गुरे त्या गाडीचा आवाज ओळखत आणि तो कानी पडताच दाव्याला हिसके देऊ लागत. त्यांना सुई आठवत असावी.

परवाच्या वर्षी मामांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. त्या निमित्ताने मामेभावाने गोठ्यात पडलेली राजदूत शहरातल्या एका वर्कशॉपात दिली आणि आरशासारखी काळीभोर करून आणली. समारंभात सगळ्यांनी तिचे फोटो काढले. मामांना मात्र ती दिसली नाही. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे. उजेड-अंधार आणि माणसाची आकृती, एवढेच कळते. त्यांनी टाकीवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, “झकास झाली.” त्या दिवसापासून रोज सकाळी चहा झाला की एक मऊ फडके घेऊन गाडी पुसण्याचा त्यांचा नेम सुरू झाला. निवृत्त माणसाला सकाळी करण्यासारखे काही असणे ही केवढी गोष्ट आहे, हे ज्यांच्या घरी निवृत्त माणूस आहे त्यांना सांगायला नको.

गेल्या वर्षी श्रावणात मामींचा फोन आला. गाडीचा रंग सुटू लागला होता. तो पहिल्यांदा मामांच्याच बोटांना लागला. “राजदूताने कात टाकली,” एवढेच ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुसणे बंद केले. फडके खुंटीलाच राहिले. मामेभाऊ चिडला. वर्कशॉपवाल्याने पुन्हा पूर्ण रंगाचे पूर्ण पैसे सांगितले होते. “एखाद्या शौकिनाला देऊन टाकतो, कटकट नको,” असे तो म्हणू लागला. पोळ्याला दोन दिवस सुटी घेऊन मी हसनाबादला गेलो तो अशा वेळी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या अंगणात बैलांची तयारी चालली होती. खांदे मळून झाले होते आणि शेजारचे आबा एका बैलाचे शिंग काचेच्या तुकड्याने हलक्या हाताने साळत होते. खाली पांढरट भुसा पडत होता. बाजूला हिंगुळाचा डबा आणि बेगड तयार. मी म्हटले, “आबा, इतकं घासता कशाला? रंगाखाली काही दिसणार आहे का?”

आबा म्हणाले, “दिसाया न्हाई, धराया घासावं लागतं. जुना रंग, तेल, माती तशीच ठिवली तर नवा रंग पाण्यावरून बैल आला की गेला. शिंगं साळल्याबिगर रंग धरतोय काहून?”

वाचकहो, मोटरसायकलच्या रंगाविषयी मला जे सांगायचे आहे त्यातले निम्मे आबांनी तिथेच सांगून टाकले. रंग वरून लावला जातो, पण धरला जातो तो खालून. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर चटणी वाटली जात नाही, म्हणून आपल्या आया पाट्याला टाकी लावून घेत. रंगाचेही तसेच. काचकागदाने घासलेल्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे असतात आणि त्यांत रंगाला पाय रोवता येतो. चकचकीत, तेलकट किंवा गंजलेल्या भागावर तो नुसता पसरतो. दिसायला दोन्ही सारखेच. फरक पावसाळ्यानंतर कळतो.

उरलेले निम्मे मामांनी सांगितले. मी त्यांना अंगणात गाडीशेजारी बसवले आणि सुटलेले पापुद्रे एकेक करून त्यांच्या हातावर ठेवू लागलो. गुरांची बोलती बंद असते. चाळीस वर्षे हातांनी चाचपून निदान करण्याची त्यांची सवय. ते म्हणाले, “वरून काय पाहतोस? उलटा कर. रोग पाठीला असतो.”

आणि खरोखरच, रंग का सुटला हे पापुद्र्याची पाठ सांगते. त्या एका गाडीवर तीन वेगळे रोग निघाले. मागच्या मडगार्डावर फोड आले होते. तिथल्या पापुद्र्याची पाठ तांबूस होती. म्हणजे गंज पुरता न काढता वर रंग दिलेला. त्यात मडगार्डाच्या आतल्या बाजूला काळी माती लिंपलेली. ही माती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खात बाहेर येते. टाकीच्या बाजूंवरचा रंग मोठ्या चकत्यांनी निघत होता आणि त्याची पाठ काचेसारखी गुळगुळीत होती. खाली जुना कंपनीचा रंग शाबूत आणि चकचकीत. म्हणजे तो न घासताच वर नवा थर मारलेला. टाकीच्या झाकणाभोवती तिसराच प्रकार. तिथे रंग मऊ पडून सुरकुतला होता. हे पेट्रोलचे काम. हलक्या जातीचा रंग पेट्रोलचे ओघळ सोसत नाही. आणि २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले, तेव्हापासून जुन्या गाड्यांच्या मालकांनी या जागेची अधिकच काळजी घेतलेली बरी.

आणखी एक चौथा प्रकार असतो, तोही सांगून ठेवतो. पापुद्र्याच्या पाठीला अस्तर, म्हणजे प्रायमर, चिकटून आले आणि खाली कोरा पत्रा उघडा पडला, तर दोष पत्रा साफ करण्यात आहे. अस्तर पत्र्यावरच राहिले आणि नुसता रंग आला, तर दोष अस्तर आणि रंग यांच्यामध्ये आहे. एवढे पाहिले की रंगाऱ्याशी भांडण थोडक्यात आटोपते.

रोग कळला की सगळी गाडी सोलायची का, हा प्रश्न येतो. मामेभावाचा कल पावडर कोटिंगकडे होता. सांगाड्याला ते उत्तम. पण त्यासाठी भाग सुमारे १८० ते २०० अंश उष्णतेच्या भट्टीत जातो आणि जुन्या टाकीवरची लांबी किंवा झाळकाम ते सोसतेच असे नाही. शिवाय खालचा कंपनीचा रंग जिथे घट्ट आहे तिथे तो काढायचा कशाला? घट्ट आहे की नाही, याची एक सोपी परीक्षा कारखान्यांतही करतात. नजरेआडच्या जागी ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारायच्या, त्या जाळीवर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि ओढून काढायची. चौकोन जागेवर राहिले तर रंग पक्का. पट्टीबरोबर आले तर तो थर काढलाच पाहिजे. आमच्या टाकीवरचा १९७६चा रंग एका चौकोनालाही हलला नाही. वरचा दीड वर्षाचा रंग मात्र जवळजवळ सगळा पट्टीला लागून आला.

हे असे का, याचे उत्तर घाई. पूर्वी तेलरंगाने मोटार रंगवायला आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीचा ड्यूको आला आणि वाळण्याचे काम तासांवर आले. आपल्याकडच्या गॅरेजांतून त्या जातीच्या रंगाला अजूनही ड्यूकोच म्हणतात. वाळण्याचा वेळ वाचला, पण घासण्याचा वेळ वाचत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात आले नाही. कारखान्यांच्या मात्र आले. १९०६ साली इंग्लंडात कॉस्लेट नावाच्या संशोधकाने लोखंडाला फॉस्फरसच्या आम्लाची प्रक्रिया करून गंज रोखण्याची युक्ती काढली. आजच्या कारखान्यांत पत्रा आधी धुतला जातो, मग त्यावर फॉस्फेटचा पातळ थर चढतो, मग विजेच्या साहाय्याने अस्तर बसते, ते भाजले जाते, आणि शेवटी रंगाची पाळी येते. गंमत अशी की दिल्लीतल्या मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा आहे, त्याचे श्रेय शास्त्रज्ञ त्याच्या लोखंडातील फॉस्फरसला देतात. त्याला कुणी रंग दिलेला नाही.

पोळ्याला फक्त निदान झाले. दमट हवेत कोरा पत्रा उघडा केला तर तासाभरात त्यावर तांबूस छटा येते, म्हणून दुरुस्तीला नवरात्रातले कोरडे ऊन पाहून मी पुन्हा गेलो. काम कसे केले ते क्रमाने सांगतो. ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांना उपयोगी पडेल.

आधी टाकी आणि मडगार्ड उतरवून घेतले. टाकी रिकामी केली तरी तिच्यात पेट्रोलची वाफ असते, म्हणून तिच्याजवळ ज्योत, ठिणगी किंवा विजेचे घासयंत्र आणायचे नाही. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलकटपणा थिनरच्या फडक्याने पुसला आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपला. एकाच फडक्याने पुसत राहिले तर तेल इकडचे तिकडे होते. रॉकेल वापरू नये. ते स्वतःच तेलाचा थर मागे ठेवते. सुटलेला रंग लाकडी पट्टीने, जेवढा सहज येईल तेवढा, सगळा काढला. गंजाच्या जागी तारेचा ब्रश, काचकागद आणि शेवटी गंज काढण्याचे आम्ल. ते पाण्याने पूर्ण धुऊन लगेच उन्हात वाळवले, कारण आम्लाचा अंश राहिला तर वरचे अस्तर पुन्हा सुटते.

यानंतर सर्वांत किचकट काम. जिथे जुना रंग संपतो आणि पत्रा सुरू होतो तिथे एक पायरी असते. ती तशीच ठेवून रंग दिला तर नकाशावरच्या किनाऱ्यासारखी उमटते आणि पुढे तिथूनच रंग उचलतो. १२०च्या कागदाने सुरुवात करून २२०, मग ४०० असा बारीक होत जाणारा वॉटर पेपर पाण्याबरोबर फिरवत ती पायरी उतरती करीत न्यायची. ओलेच घासण्याचे आणखी एक कारण आहे. जुन्या रंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१६च्या नियमांनी. कोरडे घासले की ती धूळ लहान मुलांच्या श्वासात जाते.

पायरी गेली की राहिली, हे डोळ्यांना कळत नाही. बोटांना कळते. मी घासायचे आणि मामांनी तपासायचे, अशी वाटणी झाली. त्यांनी मामींच्या जुन्या लुगड्याचा पातळ तुकडा मागून घेतला. पत्रा आणि बोट यांच्यामध्ये पातळ कापड असले की बोट अडखळत नाही आणि बारीकसा उंचवटाही जाणवतो. मला वाटे झाले, मामा बोट फिरवीत आणि म्हणत, “इथं अजून बांध लागतोय.” पुन्हा घासायचे. “आता धुरा राहिला.” पुन्हा घासायचे. दुपारपर्यंत माझे हात भरून आले आणि मामांचा आवाज मात्र चढत गेला. सायंकाळी त्यांनी टाकीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट नेले, थांबले आणि म्हणाले, “झालं सपाट. लाव आता औषध.”

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी अस्तराचे दोन पातळ हात दिले. खड्ड्यांत लांबी भरली, तीही पातळ पातळ आणि वाळू देत. ही लांबी पाणी पिते, म्हणून तोंडाला फडके बांधून ती तेवढी कोरडी घासली. वर पुन्हा अस्तर. एवढ्यात दसरा आला आणि मामी हळदकुंकू घेऊन वाहनपूजेला उभ्या राहिल्या. ताज्या अस्तरावर हळदीचे बोट म्हणजे कायमचा डाग. पण मामींना नको म्हणायची कुणाची छाती? शेवटी मामांनीच तोड काढली. “दिव्याच्या काचेला लाव. डोळ्याला लावल्यासारखंच झालं.”

शेवटचा रंग घरी द्यायचा नाही, हे आधीच ठरले होते. पेट्रोल सोसणारा जो पक्का रंग असतो, त्यात मिसळायच्या द्रावाची वाफ फुप्फुसांना घातक असते आणि साधे फडके तिथे पुरत नाही. तेव्हा टाकी आणि मडगार्ड गोधडीत गुंडाळून जालन्याला नेले. जालना सोने का पालना, अशी जुनी म्हण आहे. आता तो पाळणा पोलादी गिरण्यांचा आहे आणि लोखंडाचे जाणकार तिथे गल्लोगल्ली आहेत. ज्या कारागिराकडे गेलो त्याने टाकी हातात घेतली, बोट फिरवले आणि रंगाचा भाव सांगण्याऐवजी विचारले, “घासकाम कोणी केलं?” मी म्हटले, घासले मी, पण पसंत मामांनी केले. त्याने घासण्याची मजुरी वजा करून पैसे सांगितले. ही वाक्ये मामांना मी दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा त्यांनी शेजारच्या आबांना बोलावून माझ्याकडून सांगवली.

यंदाचा पावसाळा त्या रंगाने काढला आहे. एक फोड नाही. मडगार्डाची आतली माती दर पावसानंतर धुतली जाते, टाकी काठोकाठ भरत नाहीत, आणि पेट्रोलचा थेंब सांडला की लगेच टिपतात. फडके खुंटीवरून खाली उतरले आहे. गाडी विकण्याची भाषाही निघत नाही.

आता दिवाळीपुरती एक विनंती. रंगाचे आणि थिनरचे डबे, त्यांत भिजलेली फडकी, उतरवलेली टाकी, यांतले काहीही पणत्यांच्या किंवा मुलांच्या फुलबाज्यांच्या वाटेत ठेवू नका. सणाचे चार दिवस काम थांबले तर रंगाचे काही बिघडत नाही.

राहता राहिले सुटे समाधान. गेल्या पाडव्याला मामेभाऊ गावी आला. गाडीभोवती दोनदा फिरला, वाकून पाहिले आणि म्हणाला, “काम चांगलं झालंय. पण अण्णा, टाकीच्या या बाजूचा काळा त्या बाजूच्या काळ्यापेक्षा थोडा वेगळा दिसतो.”

मामांनी दोन्ही बाजूंवरून सावकाश हात फिरवला आणि म्हणाले, “मला तर काही दिसत नाही.”